कापसाच्या गावात कापड घेताना

विदर्भातल्या कुठल्याही आठवडी बाजारात एप्रिल-मे महिन्यात एक चक्कर टाका. पारा ४५ च्या आसपास, वाटेवरच्या घरांशेजारी सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणि पालांखाली टांगलेले शर्ट, गाऊन, लेगिंग बहुतेक पॉलिस्टरचे. कापूस आपण पिकवायचा, जिनिंगवर नेऊन घालायचा आणि अंगात मात्र खनिज तेलापासून काढलेला धागा घालून घामोळ्या खाजवायच्या, असा हा व्यवहार आहे. तो आपल्या एकट्यानं उलटणार नाही. पण घरापुरते तरी कपडे जरा डोकं वापरून घ्यायचे आणि नीट टिकवायचे असतील, तर काय काय करायचं ते क्रमानं सांगतो. पहिलं काम दुकानात नाही, घरात आहे.

आधी पेटी उघडा

कपडा आपल्या हातात येतो तोवर निसर्गाचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. शेतातल्या फवारण्या, सूतगिरणीची वीज, रंगाईचं पाणी, सगळं खर्ची पडलेलं असतं. तोच शर्ट दोनऐवजी चार वर्षं वापरला, तर दर वर्षाच्या वाट्याला येणारा हा बोजा निम्मा होतो. म्हणून ‘इको-फ्रेंडली’ चिठ्ठी लावलेला नवा कुर्ता घेण्यापेक्षा पेटीतला जुना दुरुस्त करणं जवळपास नेहमीच बरं. दुकानदार हे सांगणार नाही, जाहिरात तर नाहीच नाही.

पेटी, कपाट, दारामागच्या खुंट्या, सगळं एकदा बाजेवर काढा आणि तीन ढीग करा. अंगात येतंय ते, थोडं काम केलं तर येईल ते, आणि येणारच नाही ते. मधला ढीग बहुतेक घरांत सगळ्यात मोठा निघतो. तुटलेली चेन, गेलेलं बटण, काखेत उसवलेली शिलाई, एवढ्यासाठी कपडे वर्षानुवर्षं पडून असतात. हा ढीग गावातल्या शिंप्याकडे न्या, पण दिवाळी आणि लग्नसराई सोडून. त्या दिवसांत त्याला मान वर करायला फुरसत नसते. घट्ट झालेला ब्लाउज किंवा पँट असेल तर आधी उलटी करून पाहा, आत माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, किती आहे. अर्धा-पाऊण इंच माया असली की कपडा एक माप वाढतो. रेडिमेड कपड्यांत ती जवळजवळ नसतेच, कारण कंपनी तेवढंही कापड वाचवते. शिवून घेतलेला कपडा जास्त वर्षं चालतो, त्याचं हे एक साधं कारण आहे.

मुलांच्या कपड्यांना शिवतानाच खाली दोन इंच दुमड ठेवायला सांगा. पुढच्या जूनमध्ये ती उसवून सोडायची. जुन्या घडीची रेघ दिसते म्हणून पोरं कुरकुर करतात. तिथं त्याच रंगाची पट्टी मारली की प्रश्न मिटतो.

आता कापडाबद्दल थोडं

सुती म्हणजे निर्मळ आणि पॉलिस्टर म्हणजे वाईट, असं सरळ गणित नाही. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं हा आकडा तुम्ही कुठंतरी वाचला असेल. पण तो जगाच्या सरासरीवर बेतलेला आहे, आणि आपल्याकडची बहुतांश कपाशी कोरडवाहू आहे, पावसावर येते. आपल्या कापसाचं दुखणं पाण्यापेक्षा फवारणीचं आहे. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सुती कपडा घेताना हे ठाऊक असावं. तो फुकटात निर्मळ झालेला नाही, म्हणून एक घ्यावा आणि तो विरेपर्यंत वापरावा.

पॉलिस्टरची बाजूही ऐकून घ्या. ते लवकर फाटत नाही, झटकन वाळतं, इस्त्री मागत नाही. पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बाईला ओलं लुगडं दिवसभर अंगावर वागवण्यापेक्षा सिंथेटिक साडी सोयीची पडते, तिला पर्यावरणाचे धडे देऊ नयेत. दोष आहे तो असा की धुताना त्यातून बारीक तंतू सुटतात. ते प्लास्टिकच असतं, नाल्यातून नदीत जातं आणि कुजत नाही. ४५ अंशांत ते घाम शोषत नाही, हा वेगळाच ताप.

जैविक कापसाचं कापड घ्यायचं असेल तर नुसत्या ‘ऑरगॅनिक’ शब्दावर जाऊ नका. जीओटीएस हा जैविक कापडाचा आंतरराष्ट्रीय शिक्का पाहा. तो लागायला कपड्यात किमान ७० टक्के धागा जैविक असावा लागतो, आणि सरळ ‘ऑरगॅनिक’ म्हणवायला ९५ टक्के. रंग आणि रसायनांचे नियमही त्यात येतात.

हातमाग आणि खादीसाठी आपल्याला फार लांब जावं लागत नाही. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. तिथं वनस्पतींच्या रंगातली खादी पाहायला आणि घ्यायला मिळते. मात्र खादी भांडारात गेलात तरी चिठ्ठी वाचा. पॉलिस्टर मिसळलेली पॉलीखादीही त्याच मांडणीवर असते, आणि हाताला ती बऱ्यापैकी खादीसारखीच लागते.

भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, हे तर आपलं घरचं धन. कोशाच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. कोशाला बरा भाव मिळाला तर ती झाडं उभी ठेवण्यातच गावाचा फायदा असतो. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली कोशाची करवतकाठी साडी महाग असते, आयुष्यात एखादी घ्यावी. घेताना खऱ्या रेशमाचा ‘सिल्क मार्क’ शिक्का बघावा, कारण कोशाच्या नावाखाली ‘आर्ट सिल्क’ भरपूर खपतं. त्यातलं ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, नकली.

दुकानात पारखायचं कसं

शिवलेल्या कपड्याच्या आतल्या बाजूला, कमरेच्या किंवा कडेच्या शिलाईत एक पांढरी पट्टी असते. तिच्यावर धाग्यांची टक्केवारी लिहिलेली असते. ‘कॉटन फील’, ‘कॉटन मिक्स’, ‘कॉटन टच’ या शब्दांना काही अर्थ नाही, टक्केवारीला आहे. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कॉटन असं दिसलं तर ते आपलं जुनं टेरीकॉटच.

बाजारातल्या मालाला पट्टी नसतेच. मग कापडाचं टोक मुठीत घट्ट धरून दहापर्यंत मोजा आणि सोडा. सुती कापडाला चुण्या पडलेल्या राहतात, पॉलिस्टर उसळून सरळ होतं. कापड उजेडासमोर धरा. वीण विरळ दिसली तर ते दोन-चार धुण्यांत सैल पडेल. दस्तीचं, म्हणजे हातरुमालाचं, टोक ओलं करून रंगावर घासा. दस्ती रंगली, तर घरी बाकीचे कपडेही रंगतील.

पक्की पारख धागा जाळूनच होते. नमुन्याची चिंधी मिळाली तर ठीक, नाहीतर घरी आल्यावर आतल्या मायेतून दोन-तीन धागे काढा. उभेही काढा आणि आडवेही, कारण पुष्कळ कापडांत एका दिशेनं सूत आणि दुसऱ्या दिशेनं पॉलिस्टर असतं. खाली पाण्याची थाळी ठेवा, धागे चिमट्यात धरा आणि दिव्याच्या ज्योतीजवळ न्या. सूत लगेच पेट घेतं, कागद जळाल्याचा वास येतो आणि मागे मऊ, करडी राख राहते, फुंकरीनं उडणारी. पॉलिस्टर आधी आकसतं, मग वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झालं की टोकाशी मोहरीएवढा कडक मणी उरतो. तो नखानं फुटत नाही. कोसा आणि लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो. मिश्रण असेल तर धागा पेटतोही आणि राखेत खडेही लागतात.

यात एक फसगत आहे. व्हिस्कोस, म्हणजे दुकानातलं रेयॉन, हेही कागदासारखंच जळतं. ते ओळखायला धागा पाण्यात भिजवून ओढा. सूत ओलं झालं की जास्त बळकट होतं, रेयॉनचा ओला धागा सहज तुटतो. उन्हाळ्यात ते मऊ आणि गार वाटतं खरं, पण दगडावर आपटून धुणाऱ्या घरात ते वर्ष काढत नाही.

आहेर

कपड्यांच्या नासाडीचा विषय निघाला की लोक शहरातल्या मॉलकडे बोट दाखवतात. आपल्याकडे हे काम आहेर करतो. लग्नात, बारशाला, तेरवीला साड्या, टॉवेल-टोप्या आणि शर्टपीस देण्याची रीत आहे, आणि मानपान सांभाळायला एका लग्नात साड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे ठोकात आणले जातात. घेणारीला ती साडी नेसायची नसते. ती घडी न मोडता पुढच्या लग्नात पुढच्या पाहुणीला जाते, तिथून आणखी पुढे. फिरता फिरता घडीवर चिरते, आणि एकदाही न नेसता पायपुसणं होते. अशी साडी जवळपास नेहमी सिंथेटिकच असते, म्हणून ती घाम पुसायलाही धड नाही.

‘आहेर आणू नये’ असं पत्रिकेवर छापणारे वाढले आहेत, पण छापूनही मामा आणि आत्या ऐकत नाहीत. मग मधला मार्ग काढा. साड्या निम्म्या करा आणि त्याच पैशांत सुती चादर, पंचा किंवा हातमागाचा टॉवेल द्या. पंचा उद्यापासून वापरात येतो, त्याला माप लागत नाही आणि रंगावरून रुसवा होत नाही. घरातल्या मोठ्या बायांना हे आधी पटवावं लागतं. बायकोच्या माहेरच्यांशी बोलायच्या आधी आपल्या आईशी बोला.

नवरदेवाची शेरवानी आणि नवरीचा शालू-घागरा हा दुसरा खर्च. शेरवानी तालुक्याच्या गावी भाड्यानं मिळते. बहिणीचा घागरा बहिणीनं घातला तर फोटोत दिसतं म्हणून लाजायचं कारण नाही. ब्लाउज आणि ओढणी बदलली की बघणाऱ्याला कळतही नाही.

मोबाइलवरून मागवताना माप नीट मोजून टाका. तीन मापं मागवून दोन परत पाठवली की तीच पाकिटं प्लास्टिकसकट पुन्हा गाडीत फिरतात. याबद्दल यापेक्षा जास्त सांगायला नको.

धुणं

रोज घातलेला प्रत्येक कपडा रोज धुवायची गरज नसते. अंगालगतचे कपडे रोज धुवा. तास-दोन तास घालून आलेली बाहेरची पँट किंवा साडी वाऱ्यावर टांगली तरी पुरते. प्रत्येक धुण्यात कपडा थोडा झिजतोच.

पावडर पाकिटावरच्या मापानं घाला, जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात ही अडचण खरी आहे. तिथल्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, म्हणून बाया पावडर वाढवत जातात. तिथं रिठा वापरून पाहा. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, टरफलं रात्री गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी उकळून कुस्करा आणि गाळा. जड पाण्यातही त्याचा फेस होतो. रंगीत सुती कपडे, कोसा, स्वेटर यांना हे उत्तम. पांढऱ्या कपड्यांवर मात्र रिठ्यानं हलकी पिवळट झाक येते, ते साबणानंच धुवा.

शेवटचं खळबळलेलं पाणी झाडांना घालायला हरकत नाही, पहिलं फेसाळ पाणी नको. पावडरीत सोडियमचे क्षार असतात, आणि खारपाणपट्ट्यातली जमीन आधीच त्यानं बिघडलेली. तिथं धुण्याचं कुठलंच पाणी परसबागेत सोडू नये.

फवारणीच्या कपड्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण इथं काटकसर चालत नाही. फवारायला जाताना पूर्ण बाह्यांचा एकच जोड ठरवून ठेवा. घरी आल्यावर तो बाकीच्या धुण्यात टाकू नका, लेकरांच्या कपड्यांच्या बादलीत तर अजिबात नाही. त्याच दिवशी, हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत धुवा. आधी नुसत्या पाण्यात काढा, मग गरम पाणी आणि भरपूर पावडर घेऊन दोनदा. इथं पावडर वाचवायची नाही. पाणी विहीर, हातपंप आणि नाल्यापासून लांब, जिथं लेकरं-जनावरं फिरत नाहीत अशा जागी टाका. कपडे कडक उन्हात वाळवा. पाणी न मिसळलेलं मूळ औषध कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा पुन्हा वापरू नका. आणि फवारणीचा जुना शर्ट गोधडीत किंवा फडक्यात कधीही घेऊ नका. वरवर स्वच्छ दिसतो म्हणून पुष्कळ घरांत हे होतं.

वाळवताना रंगीत कपडे उलटे करून सावलीत टाका. आपलं ऊन एका उन्हाळ्यात निळ्याचं पांढरं करतं. कोसा तर सावलीतच. ठेवणीतल्या कपड्यांत डांबराच्या गोळ्यांऐवजी सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर बदला.

डाग

डाग पडला म्हणून कपडा बाद करायची घाई नको. काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळला तर आत जातो. तो पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग धुवा. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, एक-दोन दिवसांत ऊन तो खाऊन टाकतं. रक्ताला थंड पाणी, गरम कधीच नाही. लोखंडाच्या गंजाला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा. बिब्ब्याचा डाग मात्र निघत नाही. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बाच वापरायचे, ते उगाच नाही.

न निघणाऱ्या डागाचा पांढरा सुती शर्ट काळपट रंगवून घेता येतो, आणि त्याला लागणारं सगळं गावात मिळतं. एका मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात अर्धा किलो गंजके खिळे, दीडशे ग्रॅम गूळ आणि तीन लिटर पाणी घाला. तोंडाला फडकं बांधून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा, अधूनमधून काठीनं ढवळा. फेस येईल, आंबूस वास येईल, तो यायलाच हवा. मग गाळून घ्या.

अर्धा किलो कापडाला शंभर ग्रॅम हिरड्याची पूड पाच लिटर पाण्यात कालवा. धुऊन खळ काढलेलं कापड त्यात चार-पाच तास बुडवा, पिळा आणि न धुता उन्हात वाळवा. ते फिकट पिवळं दिसेल. आता बादलीभर पाण्यात दोन पेले लोखंडाचं पाणी मिसळून कापड सोडा आणि सतत उलटंपालटं करा. रंग डोळ्यांदेखत चढतो, पिवळ्याचं करडं होतं आणि करड्याचं काळसर. हात थांबला तर ठिपके पडतात. दहा मिनिटांनी काढून वाऱ्यावर धरा. हवा तेवढा गडद झाला की स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. लोखंडाचं पाणी फार वेळा किंवा फार दाट वापरलं तर सूत कमजोर होतं, म्हणून एकदाच करा. फाल्गुनात पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी रंगही निघतो, पण तो उन्हात लवकर विटतो. पॉलिस्टरवर यातलं काहीच चढत नाही.

देणं आणि टाकणं

येणारच नाही त्या ढिगाचं काय करायचं? जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीला द्या, तिला माल पारखता येतो आणि पुढे कुठं खपतो तेही ठाऊक असतं. दिवाळीच्या सुमारास मेळघाटात किंवा गडचिरोलीत जुन्या कपड्यांच्या गाड्या नेण्याची हौस पुष्कळांना असते. बटणं नसलेले शर्ट, फाटके मोजे, पार्टीचे घागरे तिथं जाऊन पडतात, आणि उरलेल्याची विल्हेवाट त्या गावाच्या गळ्यात येते. आपल्या सख्ख्या भावाला जे देताना लाज वाटेल ते तिथं पाठवू नये. पाठवायचंच तर धुऊन, बटणं लावून, आधी विचारून.

मऊ झालेल्या सुती साड्या-धोतरांची गोधडी करा. वरखाली सुती आणि आत काहीही चालतं, पण आत पॉलिस्टर जास्त झालं तर उन्हाळ्यात पाठ भाजते. तिच्यातूनही उरलेल्या निव्वळ सुती चिंध्या बटणं-चेन काढून, बारीक फाडून, शेणाच्या खड्ड्यात टाका. खत होतं, मात्र हिरव्या पाल्यापेक्षा जास्त दिवस लागतात. पॉलिस्टरच्या चिंध्या खड्ड्यात टाकू नका आणि चुलीतही घालू नका, त्यांचा धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. त्या पोत्यात भरून ठेवा. उशीत, बैलगाडीच्या बैठकीत किंवा मोटारसायकल पुसायला त्या कामी येतात.